पेनाचं टोपण

अरे, समजला तुझा प्रश्न, बहिरा नाही झालो अजून — काल रात्रीपासून काही खाल्लं का, हेच ना? लिहून घे — काही नाही. पाणी, तेही अर्धा पेला. बस, त्या स्टुलावर बस, पंखा लावतो. प्रशिक ना तुझं नाव? लॅबच्या मेसेजमध्ये आलं होतं. रक्त काढायची घाई करू नको, प्रशिक भैया, आधी ह्या तपासणीवर माझं काय टांगून आहे ते ऐक. शुगर कमी आली तर शनिवारी मी एकटा बिलासपूरले चाललो, हिरालालकडे — आमच्या पेपरचा फोटोग्राफर, तीस वर्षं माझ्या स्कूटरवर मागे बसला. जास्त आली तर वनमाला सोबत येणार. वनमाला म्हणजे तुले दार उघडलं ती, माझी बायको. अन् सोबत म्हणजे कशी — कारल्याचा डबा घेऊन! आता तूच सांग, हिरालालच्या अंगणात दोन म्हाताऱ्यांनी जिलेबीकडे पाहत कारलं खायचं? वरून तिची अट — लबाडी सापडली तर तपासणी न करताच मी हरलो. लबाडी! नरहरीची!

काहून असा पाहून राहिला? चौतीस वर्षं क्राइम रिपोर्टर होतो मी, ह्याच रायपुरात. खोटं बोलणारा मले चौकाच्या त्या टोकावरून कळते. म्हणजे — कळत होता. ह्या जपान्यांनी घोटाळा केला. तुले माहीत नाही? पोरगी आली होती पुण्याहून, गंधाली, ती टीव्हीत कायतरी घालून गेली, तेव्हापासून दुपारी आमच्याकडे जपानी सीरियल. दहा माणसं समुद्राकाठच्या हॉटेलात कोंडलेली, प्रत्येकापुढे एक डबा, एकाच डब्यात बाहेर निघायची चावी — अन् सारे एकमेकांशी खोटं बोलून राहिले. खाली हिंदीत अक्षरं येतात, मी ती मोठ्यानं वाचतो, वनमाला म्हणते वाचू नका, मले दिसते. पहिल्या भागात मी जाहीर केलं — हा टायवाला साहेब चोर. तो निघाला सगळ्यात सज्जन! दुसऱ्यात म्हटलं, ती पिवळ्या स्वेटरची पोट्टी सच्ची आहे, किती रडून राहिली बिचारी. तिनंच तिघांले बुडवलं! अन् वनमाला — मेथी निवडत, मान वर न करता — ‘रडली, पण नाक नाही पुसलं तिनं एकदाही,’ म्हणे. आता नाकावरून बातमी ठरते काय? संताप आला मले. आपल्याकडे माणूस खोटं बोलायच्या आधी आईची शपथ घेते, ऐकणाऱ्याले सावध व्हायले वेळ मिळते. हे लोक कमरेत वाकतात, माफी मागतात, अन् मग गळा कापतात! मी संपादकाले पत्र लिहिलं, चांगलं तीन पानी. छापलं नाही. माझ्याच पेपरनं!

पण शिकलो, हव, चौथ्या भागातून शिकलो. त्यात काय असते — टेबलावर उघड ठेवलेला डबा म्हणजे सापळा, खरा माल लपवलेल्या डब्यात. काल शेजारच्या साहू दीदीनं तीजाची, म्हणजे आपल्या हरतालिकेची, खुरमी पाठवली. दर वर्षी साऱ्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात वाटते ती — गूळ, खोबरं, वरून तीळ, तुपात तळलेली. वनमालानं डबा टेबलावर ठेवला, अगदी मधोमध, अन् गेली निघून. मी मनात हसलो. म्हटलं बाई, हा चौथा भाग आहे! झाकणावर पिठाची रेघ ओढून ठेवली असेल तिनं. मी त्या डब्याकडे पाहिलंही नाही. शोध घेतला — अन् सापडला, तांदळाच्या पिंपामागे दुसरा डबा! सकाळी सहा वाजता, ती आंघोळीले गेली तेव्हा — म्हणजे सापडला फक्त. पाहिला. वास घेतला. वासानं काही शुगर वाढत नाही ना? अरे मान तरी हलव भल्या माणसा, भिंतीशी बोलून राहिलो काय मी?

बरं, त्या सीरियलमध्ये जिंकलं कोण ते ऐक. चहा आणून देणारा म्हातारा! नऊ भाग एक शब्द बोलला नाही. कप ठेवायचा अन् बाजूले बसायचा. सारे त्याच्यापाशी येऊन आपापलं पाप सांगून गेले, तेवढ्यावर त्यानं चावी काढली. मी खुर्चीतून उठलो — अरे, ही माझी युक्ती! सिलतऱ्याच्या कारखान्यांकडच्या एका ठेकेदाराकडून मी अशीच बातमी काढली होती. प्रश्न एकच विचारायचा. मग पेनाले टोपण लावायचं, पेन मांडीवर ठेवायचं, अन् गप बसायचं. टोपण लागलं की माणसाले वाटते, मुलाखत संपली. अन् शांतता तर कोणाले सोसत नाही — तो आपणच बोलत सुटते. त्या ठेकेदारानं चोरीच्या सळया कोणत्या शेडात आहेत ते सांगितलं, वरून मले पोहे खाऊ घातले! वनमालाले मी हे इतक्यांदा ऐकवलं आहे की ती झोपेतही म्हणून दाखवेल. अन् खुरमीचं म्हणशील तर, दुसरी मी अर्धीच —

थांब.

प्रशिक, तुझ्या पेनाले टोपण कधीपासून लागलेलं आहे?

अन् सुई? सुई तर तू पिशवीतून काढलीच नाही. दारात ती तुझ्याशी दोन मिनिटं काय कुजबुजली रे? मले वाटलं, तू पत्ता विचारून राहिला — दारात उभा राहून पत्ता! वा रे नरहरी, वा! अन् स्वयंपाकघरात भांडं वाजून नाही राहिलं. नळ पण बंद. ऐकून राहिली ती.

जा, भैया. उद्या ये, सातले. उचल पिशवी, काही बोलू नको. मीही आता एक शब्द बोलणार नाही. ऐकलं काय — एक शब्द नाही!

...वनमाला, कारलं दोघांपुरतंच घेशील, की हिरालाललेही?