ती खुर्चीवरून उठली नाही

...नाही, भात लागला, मान्य आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण गेले चार दिवस या इमारतीत दुसरा विषयच नाही का हो? आज सकाळी जिन्यात तो खालचा विमा एजंट भेटला, म्हणतो, ‘काय साहेब, वास आमच्या बाल्कनीपर्यंत आला होता.’ अहो, वास आला ना? मग हेही आलं असेल की कानावर, की त्या संध्याकाळी अडीच तास घरात नऊ पाहुणे, स्वयंपाकघरात एकटा मी, आणि आमची ही... खुर्चीवरून उठली नाही! एकदासुद्धा नाही! ते कोणी बोलत नाही. भात तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

तुम्हाला सांगतो, मी तेहेतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर. कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, तक्त्यावर टिपायचं आणि सही ठोकायची. गेल्या वर्षी निवृत्त झालो. ही इस्पितळात नर्स, तिची अजून दोन वर्षं बाकी. म्हणजे ती कामावर आणि मी घरी, मग काय, आधी भांडी माझ्याकडे आली, मग कपडे आले, मग हळूच भाजी चिरणं आलं. सुरुवातीला मी एक कप धुतला तरी हिला सांगायचो, ‘कप धुतला बरं का.’ आठ दिवस तिनं ऐकून घेतलं. नवव्या दिवशी म्हणाली, ‘अहो, मी वॉर्डात चाळीस पेशंट बघून येते, एकेकाचं सांगत बसते का?’ तेव्हापासून सांगणं बंद. म्हणजे तिला सांगणं बंद, तुम्हाला सांगायला काय हरकत आहे?

तर गेल्या महिन्यात ही मेट्रन झाली. अख्ख्या इस्पितळाची मेट्रन! मुलीचा फोन आला, म्हणाली, बाबा, आईला आणि तिच्या मैत्रिणींना कुठेतरी छान बाहेर जेवायला न्या. म्हटलं, अजिबात नाही, जेवण घरी होणार, सगळा स्वयंपाक मी करणार आणि तुझी आई खुर्चीवरून उठणार नाही.  मग अगदी हळू आवाजात विचारते, ‘बाबा, तुम्हाला येतं काय काय?’ म्हटलं, ‘बटाटे.’

आता तुम्ही म्हणाल, एवढा हट्ट कशाला? सांगतो. बावीस वर्षांपूर्वी मला बढती मिळाली, मी हेड टाइमकीपर झालो, तेव्हा डेपोतले अठरा जण जेवायला बोलावले. हिला रात्रपाळी होती. सकाळी आठला घरी आली, तास-दीड तास पडली असेल नसेल, आणि लागली स्वयंपाकाला. आम्ही बाहेर बसून हसतोय, खिदळतोय, वाढ गं, आण गं चाललंय. त्यात आमचा एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे ‘दुसरा गियर’ म्हणायचे, कारण त्याची गाडी कधी तिसऱ्यात गेलेली कोणी पाहिली नाही. माणूस तसा मुलखाचा संथ, पण नजर बघा! मध्येच घास थांबवून म्हणतो, ‘वहिनी कुठे बसल्या?’ आणि मी, हा मी, हसत हसत म्हणालो, ‘ती मागनं जेवते.’ झालं, पुढचा विषय. पाणी प्यायला म्हणून आत गेलो तर ही ओट्यापाशी उभी. हातात ताटली. उभ्या उभ्या खात होती, पातेल्यातलं खरवडून. मी पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.

तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नाही हो! सगळीकडे तसंच होतं. लाज वाटली ती गेल्या वर्षी, स्वतः ओट्यापाशी उभं राहायला लागलो तेव्हा. पाय काय दुखतात! उशिरा वाटली, पण वाटली. म्हणून ठरवलं होतं, की यावेळी हिच्या जेवणाला ही बसणार आणि इतरांच्या बरोबर, गरम गरम जेवणार. आणि त्या दुसऱ्या गियरलाही मुद्दाम बोलावलं. म्हटलं, तू विचारलं होतंस ना, ये, बघ.

मग तयारी. तुम्हाला सांगतो, डेपोचं वेळापत्रक त्यापुढे काहीच नाही असा तक्ता केला आणि फ्रीजवर लावला. सहा चाळीस, बटाटे ओव्हनमध्ये रवाना. सहा पंचावन्न, कोंबडी मंद आचेवर. सात वीस, मटार. सात पस्तीस, भात उतरवणे. प्रत्येकासमोर सहीची जागा. आणि हिची खुर्ची! आतली हातवाली खुर्ची बाहेर आणली, टेबलाच्या डोक्याशी ठेवली, त्यावर उशी ठेवली. ही तक्ता वाचून म्हणाली, ‘यात मी कुठे आहे?’ म्हटलं, ‘तू सुट्टीवर.’  तिनं उशी दोनदा हातानं सारखी केली, मी पाहिलं ना.

साडेसातला पाहुणे आले. सात सिस्टर, एक मोठे डॉक्टर आणि एक दुसरा गियर. आता मला सांगा, पूर्वी पाहुणा कसा असायचा? बाहेरच्या खोलीत बसायचा. तुमचं स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे हेही त्याला माहीत नसायचं! हल्ली? चप्पल काढली की सरळ आत, ‘आम्ही काय करू?’ आणि त्यात या नर्सा. यांना नुसतं बसवत नाही हो! पाच मिनिटांत एकीनं कोपरापर्यंत हात धुतले, दुसरीनं चमचे मोजले, तिसरी माझा तक्ता वाचून म्हणते, ‘काका, चार्ज कोणाकडे आहे?’ म्हटलं, माझ्याकडे! दारात आडवा उभा राहिलो. पण सातजणी हो... शेवटी तह केला. एकीला पाणी, एकीला ताटं, मोठ्या डॉक्टरांना काकडी चिरायला दिली. शपथेवर सांगतो, एका काकडीला पाच मिनिटं लागली त्यांना, पण चकत्या अशा, की एकासारखी एक. आणि ही? बाहेर बसून सगळं ऐकत होती, पाय जमिनीवर टपटप करत होते, पण खुर्चीवरून उठली नाही.

आणि मग... हां, आता येतो भातावर.

गर्दीच्या वेळी डेपोत दहा गाड्या एकदम सुटायच्या, तेव्हा आम्ही काय करायचो, सह्या आधीच करून ठेवायचो. गाडी काय, जातेच. तीच सवय. पाहुणे यायच्या गडबडीत मी भातासमोरही सही करून टाकली. पण गाडीला ड्रायव्हर असतो, भाताला कुठे असतो? मी आपला वाढतोय. तेवढ्यात ही नाक वर करून म्हणाली, ‘अहो, भात लागतोय.’

म्हटलं, शक्यच नाही. सात पस्तीसला उतरवलाय. तक्ताच काढून आणला, दाखवला सगळ्यांना, ही बघा सही!

‘सही आहे,’ ती म्हणाली, ‘पण वासही आहे.’

आणि तिनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.  टाचा उचलल्या गेल्या, मी स्वतः पाहिल्या. छत्तीस वर्षांच्या संसाराची सवय आहे हो ती, कुठे काही करपलं की उठायचं! मी हातात तक्ता धरून तिथंच उभा, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, ‘बस ना गं. लागू दे. पण तू बस.’

बघत राहिली माझ्याकडे. मग टाचा टेकवल्या. मागे रेलली. आणि म्हणाली, ‘वरचा वरचा काढा. ढवळू नका.’ आता काहीजण म्हणतात, हा सल्ला झाला, म्हणजे मदत झाली. अजिबात नाही! सल्ला बसून दिला होता.

वरचा वरचा काढला. सगळ्यांना पुरला. डॉक्टरांनी दोनदा घेतला! बटाट्यांबद्दल तर एका सिस्टरनं लिहून घेतलं. आणि ही जेवली, तुम्हाला सांगतो, अशी जेवली! गरम गरम, हसत, मध्येच कोपरं टेबलावर टेकून, डॉक्टरांचीच नक्कल करत. छत्तीस वर्षांत मी तिला माणसांत बसून जेवताना असं पाहिलंच नव्हतं. दारातून बघताना ऊर भरून आला माझा, खोटं कशाला बोलू?

कारण मी दारातच होतो. वाढायचं होतं ना. मटार आण, पाणी आण, गोड फ्रीजमधून काढ... आणि मग शेवटी पातेल्यात डोकावलो तर तळाचा भात तेवढा राहिलेला. खरवडला. ताटली घेतली. ओट्यापाशी उभा राहिलो आणि पहिला घास तोंडात घातला, तर बाहेरून तो संथ आवाज. बावीस वर्षांत एका गियरनंसुद्धा बदलला नव्हता.

‘टाइमकीपर कुठे बसले?’

आणि आमची ही, अगदी निवांत, घास चावता चावता म्हणाली,

‘ते मागनं जेवतात.’

म्हणजे ऐकलं होतं तर! तेव्हा, इथून, ओट्यापाशी उभं राहून ऐकलं होतं, आणि बावीस वर्षं एका शब्दानं बोलली नव्हती... मी आपला दुसरा घास घेतला. करपलेला होता, पण वाईट नव्हता. आणि एक सांगतो, त्या विमा एजंटला जाऊन सांगा, तेवढं बोलतानाही ती खुर्चीवरून उठली नाही.