सातशे अठ्ठ्याण्णव सोंडकिडे

जबाब, दि. २० जानेवारी २००२, पुणे शहर

मी, दीपमाला आनंद ओव्हाळ, वय ५७ वर्षे, नोकरी वरिष्ठ सहायक, धान्य साठवण प्रयोगशाळा, राहणार येरवडा, समक्ष हजर राहून सांगते की,

सन १९७९ मध्ये नोकरीच्या पहिल्या दिवशी मी आणि शिपाई कोंडीराम वर्तमानपत्रावर गहू पसरून सोंडकिडे मोजत होतो. मी दोनशे म्हटले. ते म्हणाले, "एकशे नव्याण्णव, बाई. एक तुमच्या बाहीवर हाय." तेव्हापासून मोजणी त्यांचीच.

साठ्यातल्या धान्यातले किडे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. तो पृथ्वीभोवतीची हवा तापवतो. तो किती, हे आम्ही बंद बरण्यांतून दर सोमवारी सुईने हवा काढून मोजतो. कोंडीराम यांच्या वहीत सलग एकशे बारा सोमवार आहेत. परदेशी प्रयोगशाळेने ते आकडे तपासून जसेच्या तसे स्वीकारले.

शुक्रवारी सायंकाळी वीज गेली. बरण्या उबदार ठेवणारे कपाट बंद पडले. गारठ्यात किडे मेले असते. मी मुंबईत होते. मी फोनवर कोंडीराम यांना म्हणाले, "बरण्या घरी न्या, वाकळीत गुंडाळा." लेखी आदेश दिला नाही. नवे प्रकल्प अधिकारी चेतन सरनोबत यांनाही कळवले नाही. त्यांनी शनिवारी कपाट रिकामे पाहून चोरीची तक्रार केली. त्यांचा दोष नाही. शाळेत सिस्टर सांगत, चूक आपली असेल तर उभे राहून सांगावे. ती माझी आहे.

शनिवारी सकाळी कोंडीराम मंडईत गेले असता त्यांच्या पत्नी द्वारकाबाई यांनी बारापैकी चार बरण्यांतले गहू चाळून, निवडून उन्हात घातले. त्या म्हणाल्या, "बाईंचं धान्य किडकं कसं परत धाडू?" चाळलेले किडे त्यांनी कोंबड्यांसाठी डब्यात ठेवले होते. कोंडीराम वेळेवर परतले. आठ बरण्या शाबूत आहेत.

पोलिसांनी कोंडीराम यांच्या घरी केलेल्या जप्तीच्या पंचनाम्यात, डब्यात 'अंदाजे पाचशे किडे' असे लिहिले आहे. चौकीत आणून बाहेर बाकावर बसवलेले कोंडीराम ते ऐकून म्हणाले, "सातशे अठ्ठ्याण्णव, साहेब. दोन कोंबडीनं खाल्ले." चार बरण्यांत प्रत्येकी दोनशे होते. पंचनामा दुरुस्त करावा.

कोंडीराम मार्चअखेर निवृत्त होत आहेत. तेवीस वर्षांत त्यांनी प्रयोगशाळेतला एक दाणा घरी नेला नाही. नेला तो माझ्या सांगण्यावरून. त्यांना आजच घरी सोडावे.

जप्त मालाबाबत: निवडलेले गहू द्वारकाबाईंना द्यावेत. ते आता प्रयोगाचे राहिले नाहीत आणि मेहनत त्यांची आहे. डबा चेतन सरनोबत यांना द्यावा, झाकणाला भोके पाडून. मोजायला त्यांनी कोंडीराम यांच्याकडून शिकावे. आठ बरण्या वाकळीसकट प्रयोगशाळेत पोहोचवाव्यात. वही मात्र कोंडीराम यांच्याच हातात द्यावी. उद्या सोमवार आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. किड्यांचा आकडा दोनदा वाचून घेतला.

सही/-
दीपमाला आ. ओव्हाळ