ओ आल्याशिवाय बार नाही

पासपोर्टच्या चौकशीसाठी मी पोलीस ठाण्यात बसलो होतो. बाकावर शेजारी एक म्हातारे काका होते, मांडीवर चादरीत गुंडाळलेली बंदूक. पलीकडच्या बाईंनी विचारलं,

“परवाना परत करताय, काका?”

“होय बाई. बंदूकही.”

“कशासाठी होती?”

“चिकूवरच्या वटवाघळांसाठी. बोळिंजला वाडी आहे, नव्या बिल्डिंगच्या मागं.”

“आम्ही तिथंच राहतो, तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे संध्याकाळी ‘बार काढतो’ अशी हाक येते, ती तुमची?”

“माझीच. आम्हा वाडीवाल्यांची रीत. आधी हाक मारायची. प्रत्येक घरातून ओ आली की समजायचं, माणसं आत आहेत. एक घर जरी गप्प राहिलं, तरी बार काढायचा नाही.”

“बार तर आम्ही कधी ऐकला नाही.”

“कसा ऐकाल? ती घरं पाडून तुमची बिल्डिंग झाली. तिथून कुणी ओ देत नाही. आता तर माझ्या घरातूनही येत नाही.”

“ओ द्यायची असते, हे आम्हाला कुठं ठाऊक? आम्ही घाबरून खिडक्या लावून घ्यायचो.”

“बरोबरच केलंत.”

“पण बार काढायचाच नाही, तर रोज हाक कशाला मारत होता?”

“एखाद्या दिवशी कुणी ओ दिली असती.”

“उद्या मारा, काका. मी गॅलरीतून ओ देते.”

“बंदूक तर आता इथं राहणार, बाई. हाक कशाच्या नावानं मारू?”