ताकदीची गोळी

नाही ताई, एकही चुकवली नाही, बाटली परत हलवून काय बघता, रिकामीच आहे — तीसची बाटली, रोज एक, चोवीस झाल्या, म्हणजे सहा उरायला हव्यात, एवढं गणित मलाही येतं. उंदरानं नेल्या. हसू नका, आमचे उंदीर शिकलेले आहेत, झाकण दाबून फिरवतात... बरं, उंदीर नाही. अहो, बावीस वर्षं बुटांच्या दुकानात काढलीत मी — चावणारा बूट ‘चार दिवसांत सैल होईल’ म्हणून गळ्यात मारायचा, तेही गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून, पायाकडे बघत; तोंडाकडे बघून थाप मारायची सवयच नाही. तशीच एक घरीही मारली. एचआयव्हीच्या गोळ्या म्हणून कपाटात कशा ठेवणार? लेबल खरवडलं नि बायकोला सांगितलं, ताकदीच्या आहेत, एका गिऱ्हाइकानं खूश होऊन परदेशातून पाठवल्यात, म्हातारा घोडासुद्धा उड्या मारतो — काय रंगलो होतो म्हणून सांगू! आणि तिला पटलं की हो. हल्ली तिला थकवा येतो ना, तर आठवड्यातून एक-दोन तीच घ्यायची, लपून. सकाळी बाटली उपडी करून दाखवली तेव्हा कबूल झाली.

काय? माहेरी? हां... ते मीच म्हटलं होतं, तुम्ही तिला तपासणीला आणा म्हणालात तेव्हा. आठ महिने माहेरी — एवढं माहेरपण कुणाच्या नशिबी असतं, ताई? घरीच होती. थकवा कधीपासून ते मला काय... उन्हाळ्यापासून. तिच्या सँडलचा पट्टा मीच दोन भोकं आत घेतला, वर म्हटलं, चामडं सैल पडलंय. पाय वाळलाय की चामडं सैल पडलंय, हे बूटवाल्याला कळत नाही होय? कळलं होतं. स्वतःच्याच गळ्यात मारला तो बूट.

अशी अधूनमधून घेतली तर पुढं औषधच लागू पडत नाही म्हणता... बाहेर बाकावर बसलीय ती. तिला म्हटलंय, चल, तुला तुझी वेगळी बाटली मिळवून देतो. तुम्ही सांगता का? दारावर समुपदेशन लिहिलंय, तुमचा आवाजही गोड — मी सांगितलं तर तिला अजून एक थाप वाटेल. नको? मीच? बरं. मग तुम्ही जरा बाहेर थांबा. जा ना, ताई, जा — अगं, आत ये. राहू दे सँडल पायात, बस खुर्चीवर. नाही, आज मी खाली नाही बसणार. इकडे बघ... तू बघतेच आहेस म्हणा. मीच —