ओढणी गाडीच्या नाकाला

तुम्ही सगळ्या विचारता ना, आमचे हे जिना चढताना मध्येच का बसतात? मग ऐका. हे लष्करात ड्रायव्हर होते, जैसलमेरकडे वाळवंटात ट्रक चालवायचे. एकदा सुट्टी संपवून निघाले तेव्हा मी माझी मलमलची ओढणी दिली. म्हटलं, वाळू उडाली की नाकातोंडाला बांधा.

परवा वसईला डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, "एवढी धूळ? तोंडाला काही बांधत नव्हता?"

हे म्हणाले, "ओढणी होती. पण वादळात वाळू इंजिनात शिरायची, म्हणून एअर फिल्टरला बांधायचो. संध्याकाळी फिल्टर काढून झटकायचो, तोवर ओढणी इंजिनाच्या उघड्या तोंडाला."

"आणि झटकताना तोंडाला काय?" मी विचारलं.

"अगं, ओढणी एकच होती."

आणि वर ताठ बसून डॉक्टरांना सांगतात, "साहेब, माझी गाडी वाळूत एकदाही बंद पडली नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "डॉक्टर, ती गाडी केव्हाच भंगारात गेली. फौजेला तिच्या जागी दुसरी मिळाली. मला ह्यांच्या जागी कोण देणार?"