दाराबाहेरची लव्हाळी

दवाखान्याच्या बाकावर म्हातारा फिंटन बोटाला फडकं गुंडाळून बसला होता. बाजूला त्याची शेजारीण डेलिया.

"काय उद्योग केलास?"

"उद्या संत ब्रिजिडचा सण ना? क्रूस विणायला लव्हाळी कापत होतो."

"कापत? अरे, ती हातानं उपटायची असतात! ब्रिजिडनंच शिक्षा केली."

"मला काय ठाऊक? माझी नोरा होती तोवर तीच आणायची."

"आणि तू शेकत बसायचास!"

"दार मी उघडायचो गं. सणाच्या आदल्या रात्री ती लव्हाळी घेऊन बाहेरून हाक मारायची, 'ब्रिजिड आलीय!' मी आतून म्हणायचो, 'ये, घर तुझंच आहे.'"

"मग आज?"

"हाक मी मारीन. आतून कोण बोलणार, मांजर?"

"माझ्या दाराशी ये. उपटलेली घेऊन."

"'ये' म्हणशील?"

"म्हणेन की. पहिल्या हाकेला नाही हं, थोडा भाव खाईन."