सभापतींचा रजेचा अर्ज

निवडणूक होऊन महिना झाला होता. आमच्या आइसलँडमधल्या छोट्या गावात, तरणतलावाशेजारच्या गरम कुंडात मी गळ्यापर्यंत बसलो होतो. समोर दोन बायका बोलत होत्या. एक गुरांचे डॉक्टर हाफ्लिदी यांची बायको स्टेनव्हर, दुसरी गाई पाळणारी राग्ना.

"हाफ्लिदी खरंच खासदार झाले?"

"अगं, यादीत सातवं नाव कमी पडत होतं, म्हणून यांनी सही केली. सातवा कधी निवडून येतो का?"

"आले की."

"आले. पक्षालाच धक्का बसला."

"पण एकदम सभापती?"

"तीन पक्षांचं सरकार. प्रत्येकाला दुसऱ्याचा माणूस नको. शेवटी ज्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही, असा शोधला."

"त्यांच्याबद्दल तक्रार नाही?"

"तिथे यांना कुणी ओळखतच नाही."

"पहिला दिवस कसा गेला?"

"बाकीच्या बासष्ट खासदारांनी 'थोडक्यात सांगतो' म्हणून सुरुवात केली. हे घरी फोनवर रडायचे बाकी होते."

"बाई, माझी गाय गुरुवारी व्यायची आहे. वासरू आडवं आहे. दुसरा डॉक्टर शंभर किलोमीटरवर."

"मी सांगितलं त्यांना. लगेच रजेचा अर्ज लिहिला."

"कुणाकडे?"

"सभापतींकडे."

"म्हणजे स्वतःकडेच? मग झालं की काम."

"नामंजूर केला. लेखी कारण दिलंय. गाय स्वतःच्या मतदारसंघातली आहे, पक्षपात दिसेल."

राग्ना बोटांवर दिवस मोजू लागली.

"पुढची निवडणूक कधी?"

"चार वर्षांनी."

"गाय थांबायची नाही गं."